पाचवी तक्रार

बेकर्स लँडिंगच्या दोन नंबरच्या अग्निशमन केंद्रात एक जुना नियम होता. जो कुरकुर करेल तो भांडी घासेल. पाठ धरलीय म्हणालात, भांडी. कॉफी पांचट झालीय म्हणालात, भांडी. ब्रॅनिगनच्या खांद्यावर एकदा जळतं छत कोसळलं. इस्पितळातून तो हात गळ्यात बांधून परत आला आणि जेवताना "जरा ठणकतंय" एवढंच बोलून गेला. त्या दिवशी त्यानं एका हातानं सगळी पातेली घासली, आणि बाकीचे समोर खुर्च्या टाकून बसले, कुठं खरकटं राहिलंय ते दाखवायला.

कॅप्टन रेनी वुकोविच हा या नियमाचा कट्टर भक्त. आजोबा पोलादाच्या भट्टीवर, बाप भट्टीवर, आणि घराण्यात 'दुखतंय' हा शब्द कुणी उच्चारलाच असेल तर तो मरताना. त्यामुळे उन्हाळ्यात एके सकाळी संडासात रक्त दिसलं तेव्हा रेनीनं पाणी सोडलं, हात धुतले आणि बाहेर येऊन बंब पुसायला घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसलं, पुन्हा बंब पुसला. पानगळ सुरू झाली तोवर तो बंब इतका लखलखीत झाला होता, की मुख्यालयातून शाबासकी आली.

हे दुखणं कोणतं असू शकतं ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचा जिवलग मिच याच दुखण्यानं मागच्या वर्षी गेला, ऐन चाळिशीत. आतड्याचा कर्करोग. घर जळतं म्हणजे काही नुसती लाकडं जळत नाहीत. सोफे, गालिचे, रंग, प्लास्टिक असं सगळं जळतं, आणि तो धूर नाकातोंडातून जातोच, शिवाय घामेजल्या कातडीतूनही आत मुरतो. आग विझवणाऱ्यांना असले रोग जास्त होतात हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त विमा कंपनीला माहीत नव्हतं.

मिचला माती दिल्यावर रेनीनं कंपनीकडे मागणी केली होती: माझ्या माणसांच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून द्या, वेळेत कळलं तर जीव वाचतो. कंपनी म्हणाली, अवश्य. पंचेचाळीस पूर्ण झाली की या. केंद्रातला वयानं सगळ्यात मोठा माणूस रेनी, आणि त्यालाही पंचेचाळीस व्हायला दोन वर्षं होती. त्याआधी हवी असेल तर काहीतरी त्रास पाहिजे. म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायची, आणि पेटलंय हेही घरमालकानंच पटवून द्यायचं. पदरमोड करून करावी, तर इस्पितळाचा आकडा ऐकूनच माणूस दगावावा.

कंपनी तशी अगदीच पाषाणहृदयी नव्हती म्हणा. तिनं प्रत्येकाला ताण घालवण्यासाठी हातात दाबायचा स्पंजचा लाल बंब पाठवला. शिवाय दीर्घ श्वसन शिकवायला एक लुकडा तरुण पाठवला.

"खोल श्वास घ्या," तरुण डोळे मिटून म्हणाला.

"बाळा, श्वास आम्ही खोलच घेतो," ऑटिस टॉलिव्हर म्हणाला. ऑटिस म्हणजे केंद्राचा आचारी आणि दरवाजे फोडणारा. दोन्ही कामं तो सारख्याच जोमानं करायचा. "कशातला घेतो ते तुझ्या साहेबांना विचार."

तर एका शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर केसलरनं डोकं चालवलं. केसलर चर्चच्या नाटकांत काम करायचा, आणि दर नाताळात त्याला मेंढपाळच करायला लावत, हे त्याचं आयुष्यातलं मोठं शल्य.

"त्यांना त्रासच पाहिजे ना? मग देऊ या की," तो म्हणाला. "पोटात दुखतंय म्हणायचं. आत शिरून कोण बघतंय?"

"म्हणजे खोटं बोलायचं?" ब्रॅनिगननं विचारलं.

"मिच खरं बोलला होता," ऑटिस म्हणाला. "काही त्रास नाही म्हणाला, तेव्हा खरंच नव्हता. खऱ्याचं चांगलं झालं हो."

कॅप्टन म्हणून रेनीनं इथं टेबलावर हात आपटायला हवा होता. तो गप्प राहिला, आणि त्याचं कारण काही फार उदात्त नव्हतं. आजारी कॅप्टनला बंबावरून उतरवतात आणि मुख्यालयात टेबलामागे बसवतात. त्याहून वाईट म्हणजे या चौघांसमोर 'मला होतंय' असं म्हणावं लागतं. सगळ्यांनी मिळून पोट धरून बोंब मारली तर त्या गोंगाटात आपलीही खपून जाईल, तपासणी होऊन जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. जळत्या जिन्यावरून रांगत वर जाणारा हा गडी साध्या एका वाक्याला घाबरला होता. मला अशा शूरांचा राग येतो, पण काय करणार, बहुतेक शूर असेच असतात.

"ठीक आहे," रेनी म्हणाला. "पण तालमीशिवाय नाही."

तालीम हा इथला दुसरा धर्म. शिडी लावायची तालीम, नळी ओढायची तालीम, मग रडायचीही तालीम. विमा कंपनीची बाई व्हायला डी क्वार्ल्स तयार झाली. डी बंब चालवायची. रेनी, मिच आणि ती एकाच तुकडीत शिकलेली, त्यामुळे कॅप्टनला अरे-तुरे करणारी केंद्रात ती एकटीच. तिनं उलथनं कानाला लावलं.

"नमस्कार, मी आपल्या आरोग्याची सखी," ती साखर पेरत म्हणाली. "काय होतंय आपल्याला?"

"काही नाही, मॅडम," ऑटिस म्हणाला.

"काहीच नाही?"

"तसं विशेष नाही. चालायचंच."

"अरे टोणग्या, तक्रार कर की!"

"सवय नाही गं," ऑटिस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "जीभच उचलत नाही."

ब्रॅनिगननं खांद्यावर पडलेल्या छताची गोष्ट काढली. डीनं विचारलं, आतडं खांद्यात असतं का? मग केसलर उठला. त्यानं पोट धरलं, आईला हाक मारली, खुर्चीवरून गडगडला, दोन झटके दिले आणि जीभ बाहेर काढून निपचित पडला.

"सर, मेलेल्याची तपासणी आम्ही करत नाही," डी म्हणाली. "पुढचा."

"कॅप, आता तुम्हीच दाखवा," जमिनीवरून केसलर म्हणाला. "कसं करायचं ते."

रेनीनं कपाकडे बघितलं. आपण काहीतरी बनवून सांगू असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण बनवायला बसलं की आधी खरंच आठवतं.

"सकाळी उठलं की पोटात खाली डावीकडे पीळ पडतो," तो म्हणाला. "ओलं फडकं पिळावं तसा. मग रक्त जातं. लालभडक नाही, काळसर. उन्हाळ्यापासून. पँट कमरेवर राहत नाही, म्हणून पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय. घरी सांगितलेलं नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"खिळ्यानं भोक!" केसलर उठून उभा राहिला. "कॅप, हे सुचतं कुठून तुम्हाला? मी इतकी वर्षं मेंढ्या वळतोय आणि हिरो इथं बसलाय!"

ऑटिसच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "घरी सांगितलेलं नाही! काय तो चेहरा! अहो, मी फसलो असतो."

रेनीही हसला. हसताना त्याला बरंही वाटलं, कारण इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं होतं. डी तेवढी पटकन उठली आणि कॉफी ओतायला लागली.

तेवढ्यात मुख्यालयातून बोलावणं आलं. निघताना रेनी म्हणाला, "मी येईपर्यंत फोन उरकून घ्या. माझा शेवटी." आगीत कॅप्टन पहिला शिरतो आणि जेवायला शेवटी बसतो, ही रीत त्यानं कधी मोडली नव्हती.

मुख्यालयात त्याला लखलखीत बंबाबद्दल पुन्हा एकदा शाबासकी मिळाली. परत आला तर स्वयंपाकघरात लग्नघर. ऑटिसनं बीन्स आणि खिम्याचं तिखटजाळ चिली शिजवलं होतं, केसलर टेबलावर बसून गात होता. चार फोन, चार मंजुऱ्या! कंपनीनं चकार शब्द काढला नव्हता. रेनीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो आपल्या खोलीत गेला, दार लावलं आणि नंबर फिरवला.

"नमस्कार, मी शेल्बी, काय मदत करू?" पलीकडची बाई डीपेक्षा दुप्पट गोड होती.

यावेळी रेनी अडखळला नाही. पीळ, रक्त, उन्हाळा, सगळं सांगितलं. पलीकडे टकटक चालली होती ती मध्येच थांबली.

"आणि पट्ट्याला भोक पाडलंत का, सर?"

"हो."

"खिळ्यानं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आणि घरी सांगितलेलं नाही."

रेनीचा हात नकळत पट्ट्याकडे गेला.

"सर, आपल्या केंद्रातून आज चार जणांनी हेच सांगितलंय," शेल्बी म्हणाली. आवाजातली साखर तसूभर कमी झाली नव्हती. "पीळ, रक्त, उन्हाळा. तिघांकडून खिळाही. एका सरांनी तर बायकोला सांगितलं नाही म्हणून सांगितलं. आमच्याकडे ते अविवाहित दिसतायत."

केसलर! रेनीनं कपाळाला हात लावला. पण केसलरचा काय दोष? वर्षानुवर्षं रेनीनंच या लोकांकडून घोकून घेतलं होतं, दाखवलं तसंच करायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आगीत स्वतःची अक्कल पाजळायची नाही. त्यांनी दाखवलं तसंच केलं होतं. अशी आज्ञाधारक माणसं मिळायला भाग्य लागतं.

"त्यांचं सोडा," तो म्हणाला. "माझं खरं आहे."

"चौघंही तेच म्हणाले, सर."

"मग त्यांना मंजुरी कशी दिलीत?"

"एका ठिकाणाहून एका दिवसात एकच तक्रार चारदा घेता येते. पाचवी आली की संगणक ती बनावट धरतो आणि वर्षभर पुन्हा घेत नाही. मी काही करू शकत नाही, सर. संगणक आहे."

चार खोट्या चालतात, पाचवी खरी चालत नाही. कुठल्या शहाण्यानं बसून हा आकडा काढला असेल, त्याचा पगार काय असेल, आणि त्याचं आतडं कोण तपासत असेल, असे विचार रेनीच्या डोक्यात आले. पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"वर्षभर माझ्याकडे नसलं तर?"

"चौघांपैकी कुणी आपली तक्रार मागे घेतली तर पाचवीची चौथी होते," शेल्बी हळूच म्हणाली. "पण आजच्या आत."

रेनी बाहेर आला. सगळे त्याच्याकडे बघत होते, मंजुरीच्या आनंदात त्याला सामील करून घ्यायला.

"माझी नाकारली," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी माझंच सांगितलंत."

"एवढं झकास होतं, कॅप, बदलायचं जिवावर आलं," केसलर म्हणाला.

"ते खरं होतं."

पुन्हा हशा. "बास की आता!" ऑटिस डाव आपटत म्हणाला. "तालीम संपली!"

रेनीनं कमरेचा पट्टा सोडला आणि टेबलावर टाकला. कारखान्यातून आलेली भोकं एका रांगेत होती. त्यांच्या पुढे एक वेडंवाकडं, कडा फाटलेलं. खिळ्यानं पाडलेलं. आधी ब्रॅनिगनचं हसू गेलं, मग केसलरचं. ऑटिस सगळ्यात शेवटी थांबला, आणि थांबल्यावर त्यानं तो पट्टा उचलून हातात धरला, सापडलेलं पोर धरावं तसा.

"तरी मी म्हणतोय, कॅप बारीक का झाले," तो म्हणाला. "मला वाटलं माझा स्वयंपाक आवडत नाही."

मग रेनीनं संगणकाचा नियम सांगितला, आणि एकच गिल्ला झाला. मी मागे घेतो, नाही मी घेतो, मला पोरंबाळं नाहीत, माझं आतडं लोखंडाचं आहे. रेनीनं सगळ्यांना गप्प केलं. "कुणीही मागे घेणार नाही. मिचचं आतडंही लोखंडाचंच होतं. तुमची तपासणी व्हायलाच पाहिजे."

"आणि तुझी?" डीनं विचारलं. इतका वेळ ती बोलली नव्हती. "उगाच हुतात्मा होऊ नकोस. पत्ते काढा."

बाजाराला कुणी जायचं, नाताळला कुणी कामावर राहायचं, हे सगळं इथं पत्त्यांवर ठरे. लहान पान ज्याचं, त्याच्या गळ्यात काम. आणि आलेल्या पानावर कुरकुर करायची नाही. चौघांनी एकेक पान ओढलं. केसलरला गुलाम आला, ब्रॅनिगनला सत्ती, ऑटिसला राणी. डीनं आपलं पान उलटलं. किल्वरची दुर्री.

ती मोठ्यानं हसली. "माझं नशीब बघा," म्हणाली, आणि तिथंच सगळ्यांसमोर फोन लावला. "मी क्वार्ल्स. दुपारची तक्रार मागे घेतेय. नाही, मला काहीच होत नाही. अगदी ठणठणीत आहे. हो, नक्की."

मागोमाग रेनीनं फोन केला. दोन मिनिटांत मंजुरी. मंगळवारी सकाळी उपाशी पोटी या.

"आणि सर, त्या मॅडमना सांगा, त्यांना काही नाही हे ऐकून मला खूप बरं वाटलं," शेल्बी म्हणाली. "पहिला फोन त्यांचाच होता. दुपारी फार रडत होत्या बिचाऱ्या."

डी बाहेर बंबापाशी होती. पाठीवर घ्यायच्या हवेच्या नळकांड्या एकेक करून तपासत होती. रेनी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. उपकार कसे मानायचे हे त्याला येत नव्हतं, घराण्यात कुणालाच येत नव्हतं, म्हणून त्यानं थट्टा केली.

"काय गं, फोनवर रडलीस म्हणे? केसलरला सांगू नकोस, जळून मरेल."

डीनं नळकांडीच्या दाबाच्या काट्यावरून नजर हलवली नाही.

"ते तिघं तुझं बोलणं पाठ करत बसले होते, रेनी," ती म्हणाली. "मला पाठ करावं लागलं नाही."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. सकाळच्या तालमीत ती उलथनं धरून बसली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"कधीपासून?"

"मिच गेला त्याच सुमाराला. पट्ट्याचं नाही, मी पट्टा लावत नाही. बाकी सगळं."

"मग पत्ते कशाला काढायला लावलेस, गाढवे?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला येईल," डी म्हणाली. "मग मला आलं. आलेल्या पानावर कुरकुर करायची नाही."

रेनीला असा संताप आला, की त्याला समोरचं दिसेना. तिचा राग आला, त्या पानाचा आला, भांड्यांच्या नियमाचा आला, आणि तो नियम इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. त्यानं तिथंच उभ्या उभ्या नंबर फिरवला. ऑटिस आणि बाकीचे दारात येऊन थांबले.

"शेल्बी, क्वार्ल्सची तक्रार पुन्हा चढवा. माझी काढा आणि तिची घ्या."

"मागे घेतलेली तक्रार वर्षभर चढवता येत नाही, सर. मॅडमनीच सांगितलंय की त्या ठणठणीत आहेत."

"ती खोटं बोलली!" रेनी ओरडला. "माझ्यासाठी खोटं बोलली ती! आजारी आहे ती!"

"असं कसं म्हणता, सर?" शेल्बी दुखावल्या आवाजात म्हणाली. "आमच्या ग्राहकांच्या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे."